किल्लीसाठी उपसमिती

गंगापूर रोडवरच्या एका समाजसेवी संस्थेत वंचितांना निर्णयप्रक्रियेत सामावून घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. बैठकीला वंचित कोणी नव्हते, त्यामुळे मतभेद झाले नाहीत.

प्रतिनिधी शोधायला संस्थेची जीप पार सुरगाण्यापर्यंत फिरून आली. तिथली माणसं भातलावणीत गुंतलेली. समावेशनासाठी कोणालाच सवड नव्हती. शेवटी संचालिका सरोजिनीताईंची नजर त्यांच्याच टेबलाखाली फडकं मारणाऱ्या धोंडाबाईंवर पडली. त्यांना तिथल्या तिथे समितीवर घेण्यात आलं. फरशी ओली असल्याने सगळ्यांनी पाय वर घेऊनच टाळ्या वाजवल्या.

मोकळेपणाने बोला, असं ताईंनी सांगितलं. धोंडाबाई खरोखरच मोकळेपणाने बोलल्या. संस्थेचं स्वच्छतागृह त्या रोज सकाळी धुतात, कुलूप लावतात आणि किल्ली ताईंच्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगतात. ते वापरायची मुभा फक्त कर्मचाऱ्यांना, धोंडाबाई ठेकेदाराच्या. म्हणून सातपूरला घरी पोचेपर्यंत त्या कळ काढतात आणि दिवसभर पाणीच पीत नाहीत.

“मला पन किल्ली घेऊ द्या, ताई. बाकी काय नाय.”

सभागृह हेलावलं. सचिव श्रेयस यांनी डोळे पुसले. मात्र किल्ली तडकाफडकी दिली तर प्रश्नच सुटेल आणि सहभागाची प्रक्रिया अर्धवट राहील, अशी रास्त भीती त्यांनी व्यक्त केली. सबब उपसमिती नेमण्यात आली. तीत धोंडाबाईही होत्या. नाहीतरी चहा द्यायला त्या आत असतच. वर्षअखेरीस त्यांचा जाहीर सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि पुठ्ठ्याची हातभर सोनेरी किल्ली.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाईंनी स्वच्छतागृह धुतलं, कुलूप लावलं आणि खिळ्याला सोनेरी किल्ली टांगली. खरी कमरेला खोचली.

त्या दिवशी उपसमितीची बैठक लांबली. चहा दोनदा झाला. ताई उठल्या, खिळ्याकडे बघून बसल्या, पुन्हा उठल्या.

“मावशी, किल्ली?” ताईंचा आवाज बारीक झाला होता.

“उपसमितीत विषय घेऊ की, ताई,” धोंडाबाई म्हणाल्या. “मी बी सदस्य हाय.”

ठराव तत्क्षणी मंजूर झाला. अनुमोदनाला श्रेयस उभेच होते. त्यांना बसवत नव्हतं. आता खरी किल्ली खिळ्याला असते, ती कोणीही घेतं, आणि धोंडाबाई तांब्याभर पाणी पितात. मला याचा मनापासून आनंद आहे.

तुम्हीही हसलात, बरं वाटलं. आता तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी कुठे जातात, तेवढं सांगा. माहीत नसेल तर घाई नको, उपसमिती नेमू.