दगडूभाईंचं चौकशीचं दुकान

तिकोणा गडाखालच्या तिकोणा पेठेतल्या दगडूभाई तांबोळ्यांच्या दुकानात मीठ-मिरचीपासून बैलांच्या घुंगरांपर्यंत सगळं मिळे. फक्त ते कशाला हवं, हे सांगितल्याशिवाय मिळत नसे.

मी तळेगावची. लग्न होऊन पेठेत आले, तेव्हा माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि एक नारळ मागितला.

दगडूभाईंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "कशाला पायजे?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "नारळ हवाय," मी पुन्हा म्हटलं.

"ते समाजलं. देवाला का चटणीला?"

"चटणीला."

"मग आज नगा घेऊ. आजचे नारळ देवाचे हायती. पाणी लय, खोबरं कमी. देव काय खोबरं खरवडाया बसत न्हाई."

मी रिकाम्या पिशवीनं घरी आले. यजमान पोट धरधरून हसले.

दुकान दगडूभाईंच्या वडिलांनी काढलेलं, घराच्या ओसरीवरच. डोक्याला विणलेली पांढरी टोपी घालून दगडूभाई पुढं बसत. मागं त्यांची बायको अमिनाभाभी तराजू सांभाळी. कोपऱ्यात त्यांची म्हातारी आई मिरच्यांची देठं खुडत बसे. तिला सगळं गाव नानी म्हणे. नानीला ऐकू कमी येई, त्यामुळं दगडूभाईंनी हळू विचारलेलं सगळं भाभींना तिच्यासाठी ओरडून सांगावं लागे. आपण काय घेतलं आणि कशाला घेतलं, ते मग गावंदरीपर्यंत पोचे.

जायफळ मागितलं, की "कोन झोपत न्हाई?" हिंग मागितला, की "कुनाचं पोट?" एकदा मी नुसती पावशेर चिंच मागितली. या वेळी दगडूभाईंनी काही विचारलं नाही, नुसतं भाभींकडं बघितलं. भाभींनी माझ्याकडं बघितलं आणि दोघं गालातल्या गालात हसली. "काय म्हनती ती?" नानीनं विचारलं. भाभींनी ओरडून सांगितलं. संध्याकाळी चावडीवर पाटलांनी माझ्या यजमानांचं अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते यजमानांना माहीत नव्हतं. मी त्यांना अजून सांगितलंच नव्हतं!

तुंगार्लीला बंगला असलेले एक शेटजी एकदा गड बघायला आले आणि त्यांनी मेणबत्ती मागितली.

"दिसाउजेडी मेनबत्ती कशाला?"

"गडावरची गुहा बघायची आहे."

"एकटंच? घरी सांगून आलाय का? पायाला काय झालं? लंगडताय जनू."

शेटजी चिडले. "तू दुकानदार आहेस की फौजदार?"

"फौजदार एवढं इचारत न्हाई," दगडूभाई शांतपणे म्हणाले. मेणबत्ती मिळेपर्यंत शेटजींचा गुडघा, त्यांचा जावई आणि जावयाचा दमा, सगळं दुकानात येऊन गेलं होतं. जाताना शेटजी भाभींच्या हातचा चहा पिऊन गेले आणि गड काही चढले नाहीत.

मी एकदा वैतागून म्हटलं, "दगडूभाई, लोणावळ्याच्या बाजारात कुणी असं विचारत नाही हो."

"मी तितनंच माल आनतो की," ते म्हणाले. "इतकी वर्सं झाली, त्या दुकानदाराला माजं नाव ठावं न्हाई."

माझी लेक कडेवर बसू लागली त्या चैत्रातली गोष्ट. दुपारची मी दुकानात उभी होते. तेवढ्यात गंगू आली. गावातलीच एका घरची तरणी सून. नवरा मुंबईला गिरणीत, त्याची बरेच दिवस काही खबर नव्हती, आणि सासूच्या तोंडाला सगळं गाव भीत असे.

"भाऊ, दोर द्या. चांगला लांब."

"कशाला पायजे?"

"म्हशीला."

"म्हस तर तुमी इकली की."

गंगूनं खाली बघितलं. "मग... हिरीला."

"हिरीला तुज्या सासऱ्यानं शिमग्यालाच नवा नेलाय."

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. तो आला नाही. मागं भाभींचा तराजू थांबला होता.

"दोर हाय," दगडूभाई हळू म्हणाले, "पर पोत्यांच्या खाली हाय. काडाया येळ लागंल. तवर आत बस."

दोराची वेटोळी त्यांच्या डोक्यामागं खुंटीला टांगलेली होती. मला दिसत होती, गंगूलाही दिसत होती. तरी ती आत गेली. भाभींनी तिच्या पुढ्यात भाकरी ठेवली. ती जेवली नाही, नुसती रडायला लागली. नानीला कुणी काही ओरडून सांगितलं नव्हतं, पण तिनं मिरच्यांचं सूप बाजूला सारलं आणि गंगूचा हात धरला, तो ती बैलगाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

दगडूभाईंनी भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या. "मास्तरीनबाई, बेडश्याला तिचं म्हायेर हाय. तुमी संगं चला. मी एकटा घिऊन गेलो तर गाव पोरीला वंगाळ बोलंल."

मी यजमानांना निरोप ठेवला, लेकीला उचललं आणि गाडीत बसले. गंगूचा बाप आजारी आहे, असं भाभींनी तिच्या सासूला जाऊन सांगितलं. बाप धडधाकट होता. आम्हाला दारात बघून गोंधळला.

"काय झालं, भाऊ?"

"काय न्हाई. पोरगी दमलीया. चार म्हयने ठिवून घ्या," दगडूभाई म्हणाले. मग बापाला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "निवांत इचारा तिला. पर इचारा."

दिवाळीला गंगूचा नवरा आला आणि तिला मुंबईला घेऊन गेला. पण ते पुढचं. त्या रात्री आम्ही बेडश्यालाच राहिलो आणि सकाळी परत निघालो. एरवी बैलांशीसुद्धा बोलणारे दगडूभाई आज नुसता कासरा हलवत होते. पवनेच्या उतारापाशी त्यांनी गाडी थांबवली. बैल पाण्याला लागले.

"माज्या पाठची भन व्हती, मास्तरीनबाई," ते पुढं बघतच म्हणाले. "सासरनं आली, चार दिस राह्यली. हसायची, काम करायची. जाताना वळून वळून बघत व्हती. आमी म्हनलं, म्हायेराची वढ. कुनी कायबी इचारलं न्हाई. मागनं निस्ता ती गेल्याचा सांगावाच आला."

ते खाली उतरले, टोपी काढून खिशात ठेवली आणि नदीच्या काठाला बसून तोंड धुवायला लागले. "लय धुळा हाय रस्त्याला," मागं न बघता म्हणाले.

चैत्रातल्या पहाटेचं दंव अजून रस्त्यावर होतं, धुळीचा कण उडत नव्हता. मी म्हटलं, "हो ना, फार धुरळा आहे." आणि झोपलेल्या लेकीला मांडीवर घेऊन, त्यांचं होईपर्यंत पलीकडच्या डोंगराकडे बघत बसले.