नायिकेचं माप

शालूताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे ब्लाउजपीस आणून टाकला, तेव्हा मी रीतीप्रमाणे मापाचं जुनं ब्लाउज मागितलं. ते नाही, असं म्हणाल्या. मग ज्यांचं आहे त्यांना घेऊन या, मी अंगावर माप घेते, असं मी म्हटलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तिले कुठून आणू वं? ती अजून जन्मली नाही. सोमवारपासून सुरू होऊन राहिली."

मी टेप हातात धरून उभी. मला वाटलं, कुणाला मुलगी व्हायची असेल. पण पोटातल्या मुलीला ब्लाउज कोण शिवतं?

तोवर ताई स्टुलावर बसून सांगायला लागल्या होत्या. ती उंच आहे, पण थोडी झुकून चालते, कारण वडील लहानपणीच गेले. बाही कोपरापर्यंत ठेव, लाजाळू आहे. "गळा मागून खोल चालन. तिची पाठ सुंदर आहे, पण ते तिले स्वतःले माहीत नाही. त्याले माहीत होईन, पाचव्या प्रकरणात."

मला कळलेली पहिली गोष्ट ही की, शालूताई प्रेमाच्या कादंबऱ्या लिहितात, आणि नायिकेचं ब्लाउज शिवून हातात आल्याशिवाय त्यांना पहिली ओळ सुचत नाही. दंडाचा घेर कळला की ती बाई रागावल्यावर हात कसा झटकते ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. हीरोसाठी मात्र काही शिवत नाहीत. हीरो सगळे एकाच मापाचे असतात म्हणाल्या, रेडिमेड.

मी काही विचारलं नाही, ब्लाउज शिवून दिलं. न विचारण्याचं कारण होतं. माझी मशीन शालूताईंच्याच घराखालच्या गॅरेजात आहे. मी रत्नागिरीकडची. शाळा आठवीत सुटली, लग्न झालं, नवऱ्याला नागपुरात ट्रकवर काम मिळालं म्हणून इतक्या लांब आले. इथे माझं ना कोणी ओळखीचं, ना नात्यातलं. पुढच्या गल्लीत आमची एक खोली आहे, तिच्यात मशीन ठेवली तर पाय पसरायला जागा उरत नाही. मनीषनगरात एका संध्याकाळी दोऱ्या-बटणांच्या दुकानात उभ्याउभ्या ओळख झाली आणि ताई म्हणाल्या, माझी गाडी विकली, गॅरेज रिकामं आहे, आण तुझी मशीन. इतक्या सहज म्हणाल्या की मला अजून खरं वाटत नाही. फाटकासमोर नवी गाडी थांबली की मी मशीन थांबवून बघते. ताईंनीच घेतली की काय? गॅरेज परत मागतील की काय? अशा माणसाने न जन्मलेल्या बाईचं ब्लाउज शिवायला कुरकुर करू नये.

ताई नागपूरच्याच सदर भागातल्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. नोकरीत असतानाही लिहायच्या, तेव्हा पातळ पुस्तकं निघायची. आता मोबाइलवर निघतात. म्हणजे ताई लिहितात, पुण्यातली एक मुलगी गोड आवाजात वाचते आणि बाया पोळ्या लाटताना ऐकतात. ताई लिहितात ती भाषा आणि बोलतात ती भाषा यांची आपसांत ओळख नाही. कागदावर त्यांची नायिका म्हणते, 'तुमच्यावाचून हे जीवन म्हणजे सुगंध हरवलेले फूल आहे.' आणि ते लिहून झालं की ताई वरून खाली ओरडतात, "अवं, चहा घेतं का? मरून राहिली मी गर्मीनं."

गर्मीचं खरं आहे. मे महिन्यात डोक्यावर ओला टॉवेल आणि समोर कूलर घेऊन त्या बसतात आणि लिहितात काय, तर धुकं. नायिका शालीत गुरफटलेली, हीरो शेकोटीशी. थंड हवेच्या ठिकाणी त्या कधी गेलेल्या नाहीत. समुद्रही पाहिलेला नाही. मी कोकणातली म्हटल्यावर त्यांनी मला एकदा विचारलं, समुद्राचा वास कसा येतो. मी आठवून आठवून खरं सांगितलं की आमच्या बंदरावर तरी सुकटीचा येतो. ताईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, सुकटीच्या वासात कोणाचं प्रेम होत नाही. आमच्या आईवडलांचं झालं होतं, पण मी ते बोलले नाही. पुढे मोबाइलवर ऐकलं, तर सागरावरून केवड्याचा गंध येत होता.

कादंबरी पुढे जाते तसं ब्लाउजही खालीवर होतं. मध्येच येऊन सांगतात, बाजूने दोन बोटं आत घे, गैरसमज झाला आहे, ती जेवत नाही. महिन्याने हीरोचं पत्र आलं की तीच शिवण मी उसवते. कादंबरी संपली की ते ब्लाउज ज्या बाईला बसेल तिला देऊन टाकतात. त्यामुळे आमच्या गल्लीत ताईंच्या नायिका भाजी आणतात, गाडीवरून मुलांना शाळेत सोडतात. ताई गॅलरीतून बघतात आणि मला सांगतात, ती पाहा आपली मंदाकिनी चालली. एकदा हातगाडीवर कोथिंबिरीवरून कोपऱ्यावरच्या काकूंची जुंपली होती. अंगात मंदाकिनीचं ब्लाउज. ताई खाली उतरून गेल्या आणि म्हणाल्या, तुले हे शोभत नाही, ती असं कधीच बोलली नसती. काकूंनी विचारलं, कोण ती? मग ताई स्वतःच कोथिंबीर घेऊन आल्या, भाव न करता.

लिहिलेलं त्या आधी मला वाचून दाखवतात. मी मशीन चालवत ऐकायचं. त्यांचं लक्ष माझ्या पायाकडे असतं. पायडल थांबलं की प्रसंग जमला. मशीन चालूच राहिली तर कागद घडी करून म्हणतात, "उसवा लागन." शिकलेल्या लोकांना का वाचून दाखवत नाही असं मी घाबरत विचारलं होतं. तर म्हणाल्या, ते छान आहे म्हणतात. मला ऑर्डरी वेळेवर द्यायच्या असतात, तरी मी कधीकधी मुद्दाम पाय थांबवायचे, जागेचा विचार करून. ते त्यांना लगेच कळायचं. "दोरा तुटला नाही, मग काहून थांबली?"

ताईंनी लग्न केलेलं नाही. का, ते मी विचारलं नाही. गल्लीत विचारलं तर तीन कारणं मिळतात आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्या कादंबऱ्याही लग्नापाशी संपतात. हीरो येतो, दार उघडतं, नायिका खाली बघते, समाप्त. दार उघडल्यावर आत काय झालं, ही ताईंच्या मते लेखकाने पाहायची गोष्ट नव्हे.

घोळ झाला तो वैदेहीच्या वेळी.

वैदेहीची कादंबरी फार चालली. बायांनी मोबाइलवर लिहून लिहून विचारलं, दार उघडलं, मग पुढे काय? पुण्याच्या मुलीने ताईंना सांगितलं की लग्नानंतरचा आणखी एक, शेवटचा भाग पाहिजे. ताई हो म्हणून बसल्या. ब्लाउजपीस घेऊन खाली आल्या, स्टुलावर बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांना माप सांगता आलं नाही. लग्न झाल्यावर बाई कशी उभी राहते, असं मला विचारलं. मी म्हटलं, आधी उभी राहायची तशीच, फक्त संध्याकाळी कमरेवर हात ठेवून. ते त्यांनी टिपून घेतलं, पण समाधान दिसलं नाही. पीस माझ्या टेबलावर तसाच राहिला.

पंधरवडा गेला. वरून खुर्ची सरकवल्याचा आवाज यायचा, कूलर चालू, बंद. मग पुण्याचा फोन आला. त्या दिवशी ताई खाली आल्या त्या टॉवेल डोक्यावरच ठेवून. शेवटचा भाग येत्या सोमवारपर्यंत आला नाही, तर तिकडचंच कोणीतरी वैदेही लिहून संपवणार होतं. ताईंचं नाव तसंच राहील, तुम्ही काळजी करू नका, असं त्या मुलीने गोड आवाजात सांगितलं होतं.

"दुसरं कोणी तिच्या तोंडात शब्द घालन," ताई म्हणाल्या. "मी तिले मोठी केली. अन् हे लोक दुसऱ्याच दिवशी सासूकडून विष घालून टाकतीन."

मग त्यांनी विचारलं, तुम्ही दोघं नवराबायको काय बोलता?

आम्ही काय बोलणार. आमचे हे आठवड्यातले दोन दिवस घरी. गॅस संपला, टायर बदलला, गावाकडे आईचे गुडघे, आमटीत मीठ जास्त झालं. ताई वर गेल्या आणि तासाभरात लिहून आणलं. हीरो जेवायला बसतो आणि म्हणतो, 'प्रिये, आज तुझ्या हातच्या आमटीत अवघ्या सागराचं लवण उतरलं आहे.' मी हसले. हसायचं नव्हतं, पण हसले. ताईंनी कागद फाडला नाही, रागावल्याही नाहीत. नुसत्या घडी करत राहिल्या, आणखी घडी होईना एवढी लहान होईपर्यंत. मला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून मीच म्हटलं, संध्याकाळी ह्यांचा फोन येतो, तुम्ही ऐका.

फोन रायपूरच्या अलीकडून एका ढाब्यावरून आला. मी स्पीकरवर टाकला आणि ह्यांना सांगितलं की ताई बसल्यात. न सांगता ऐकवणं मला बरं वाटेना. तर आमच्या माणसाचा आवाजच बदलला. ट्रकचे कागद तपासायला साहेब आल्यावर काढतात तो आवाज. म्हणाले, नमस्कार. मी सुखरूप आहे. गाडीही सुखरूप आहे. इकडे पाऊसपाणी ठीक आहे. ताईंनी वहीत काही लिहिलं नाही. फोन झाल्यावर म्हणाल्या, "तुझा ड्रायव्हर तर अर्ज वाचून राहिला वं." आणि उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. त्यांचं वय झालंय हे मला तेव्हा दिसलं.

शटरपाशी जाऊन थांबल्या.

"रोज फोन ठेवताना काय म्हणते तो?"

"काही नाही. ठेवतो म्हणतात."

"अन् तू?"

"मी म्हणते ठेवा."

"मंग ठेवते तो."

"नाही," मी म्हटलं. "लगेच नाही ठेवत. थोडा वेळ तसाच असतो फोन. दोघंही बोलत नाही. तिकडच्या गाड्या ऐकू येतात. मग कधीतरी बंद होतो."

"कोण बंद करते?"

इतक्या वर्षांत मी लक्षच दिलं नव्हतं.

ताई वर गेल्या. त्या संध्याकाळी खुर्ची सरकली नाही.

सोमवारी भाग पुण्याला गेला. मला वाचून दाखवला नाही. मी तो सगळ्यांसारखाच मोबाइलवर ऐकला, एका लग्नाची ब्लाउजं काजबटण करत. सुरुवातीला होतं सगळं नेहमीचं, चांदणं, रातराणी, सुगंध हरवलेलं फूल. मग हीरो परगावी जातो आणि फोन करतो. जेवलीस का विचारतो. वैदेही हो म्हणते. तो म्हणतो, ठेवतो. ती म्हणते, ठेवा. आणि पुढे काहीच नाही. पुण्याच्या मुलीने तिथे वाचायचं थांबवून नुसती शांतता ठेवली होती. मला वाटलं रेंज गेली. मी मोबाइल उचलून दाराशी गेले. मग कळलं की संपलं.

काही बायांनी आवाज गेल्याची तक्रार केली. बाकीच्यांनी जे लिहिलं ते पुण्याच्या मुलीने ताईंना वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज नेहमीइतका गोड राहिला नाही, असं ताई म्हणाल्या. त्यांना या सगळ्याचा जरा रागच आला होता. "पन्नास पानं घासली म्या, अन् लोकाईले आवडलं काय, तर जे लिहिलंच नाही ते."

नवी कादंबरी लागलीच सुरू झाली. हिचं माप त्यांनी धडाधड सांगितलं. मी निश्चिंत झाले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी शटर ओढत होते, तेवढ्यात फोन वाजला. बघते तर ताईंचा. ताई मला कधी फोन करत नाहीत. काम असलं की गॅलरीच्या गजावर स्टीलचा पेला वाजवतात. समोरासमोर सांगायला जड जातंय म्हणून फोन केला, गॅरेज पाहिजे असेल, असं मनात आलंच.

"जेवली का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, आता घरी जाऊन करीन. काय करशील, म्हणाल्या. पिठलं, म्हटलं. त्यांनी खिचडी खाल्ली होती. थोडी उरली आहे म्हणाल्या. कूलरची मोटर आवाज करते म्हणाल्या. त्याला तेल घालायला हवं, मी म्हटलं. हाव, म्हणाल्या. गॅरेजचं नाव नाही.

"बरं. ठेवते."

"ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी ठेवला नाही. मी वाट पाहिली. वर कूलर घरघरत होता, तो फोनमधूनही ऐकू येत होता आणि डोक्यावरच्या छतातूनही. शटर अर्धं ओढलेलं तसंच सोडलं आणि फोन कानाला लावून मी स्टुलावर बसले.