गुणवंतची टिकाऊ सायकल

आखातातल्या अल नाहदा वस्तीत एका फ्लॅटच्या हॉलमध्ये एक सायकल भिंतीला टेकून उभी होती, आणि तिची चाकं अजून रस्त्याला लागली नव्हती. खाली जुनी चादर, अंगावर दुकानातलं प्लॅस्टिक आणि त्यावर गुणवंतच्या बायकोने, अनुपमाने, वाळत घातलेले टॉवेल. सायकल साधीसुधी नव्हे, बीएमएक्स. रॅम्पवरून उडवायची, आपटायची आणि परत उडवायची अशी बुटकी, दणकट जात. गुणवंत रोज ऑफिसला जाताना टॉवेल बाजूला करून तिच्याकडे एकदा बघून जायचा.

घेतली होती अर्थात मुलीसाठी. अकरा वर्षांच्या मिहिकाने सायकल मागितली नव्हती, तिला मांजर हवं होतं. पण "मांजर नको, व्यायाम हवा," असं म्हणून गुणवंतने विषय मिटवला होता.

खरी गोष्ट वेगळी होती. लहानपणी तळेगावात घरामागे वाळूचा एक ढीग होता आणि गल्लीतली सगळी पोरं त्यावरून सायकली उडवायची. गुणवंतही लांबून जोरात यायचा, पण ढीग जवळ आला की त्याचा हात आपोआप ब्रेकवर जायचा. दर वेळी. त्याच हाताच्या जोरावर पुढे तो टाइल्सच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलचा साहेब झाला. पण संध्याकाळी बाल्कनीत चहा घेताना त्याची नजर समोरच्या टॉवरवरून सुटायची. मग तो हवेत असायचा. दोन्ही चाकं जमिनीपासून वर, शर्टात वारा, खाली पिवळी वाळू, आणि कुठे काही आवाज नाही. चहावर साय धरायची तरी याचं विमान उतरायचं नाही.

दुकानात त्याने प्रत्येक सायकलची नळी टाइल वाजवावी तशी बोटाने वाजवून पाहिली.

"सर, ये क्रोमोली स्टील है," दुकानदार फहद म्हणाला. "गिरेगी तो फर्श टूटेगा, सायकल नहीं. ब्रेक एक ही है, राइट हँड पे."

"स्टँड?"

"बीएमएक्स में स्टँड नहीं होता."

"मग उभी कशी करायची? मतलब, खडी कैसे करने का?"

"लिटा देते हैं, सर. जमीन पे."

जमिनीवर! गुणवंतने वरचं प्लॅस्टिक न काढताच सायकल बांधून घेतली.

सायकल घरी आली आणि जागा शोधणं सुरू झालं. दर शनिवारी तिघं गाडीतून फिरायचे. स्केटपार्कचं सिमेंट खरखरीत निघालं, रंग गेला असता. समुद्रकाठची हवा खारी, म्हणजे गंज. वाळवंटाकडे गेलं तर चेनमध्ये वाळू.

"बाबा, इट्स अ बीएमएक्स. इट्स सपोज्ड टू गेट डर्टी," मिहिका म्हणाली.

"अरे, एवढी मजबूत सायकल घेतलीस ती काय टॉवेल वाळवायला?" अनुपमाने विचारलं.

"दसऱ्याला पूजा करू आणि मग चालवू, इन्शाल्ला," गुणवंत म्हणाला. पूजेशिवाय नवं वाहन चालवायचं नाही, हे अनुपमालाही पटलं.

दसरा उजाडला. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आधी मोटारीची पूजा झाली, मग सायकलची पाळी आली. अनुपमाने प्लॅस्टिक फाडून नळीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, डाव्या मुठीला झेंडूचा हार बांधला.

"तोंड पूर्वेकडे कर," ती म्हणाली.

पूर्वेकडे नेमका खालच्या मजल्याकडे जाणारा उतार होता. स्टँड नसल्यामुळे सायकल कोणीतरी धरायलाच हवी होती, आणि धरून धरून पाठ भरून आल्यावर गुणवंत तिच्यावर बसला. पुढच्या चाकाखाली एक लिंबू, मागच्या चाकाखाली एक. खरं तर सायकल आता त्या दोन लिंबांच्या भरवशावरच थांबली होती.

"मिहिका, चढ आणि लिंबावरून ने."

"इन दिस घागरा? यू डू इट, बाबा."

"यल्ला, चला, मीच नेतो. इथपासून इथपर्यंत तर न्यायचीय," गुणवंत म्हणाला आणि त्याने जरासा रेटा दिला.

लिंबं चिरडली. सायकल निघाली. बाकीचं सगळं उताराने केलं.

"गुणवंत! अरे, ब्रेक!" अनुपमा ओरडली. हार फडफडत होता, फाटकं प्लॅस्टिक मागे शेपटासारखं उडत होतं. उतार संपतो तिथे गतिरोधक होता, हे गुणवंतला रोज मोटारीने जाताना माहीत असायचं. आज तो वाळूच्या ढिगाएवढा दिसला.

आणि मग आवाज थांबला. दोन्ही चाकं वर होती. शर्टात वारा शिरला. पार्किंगचे दिवे हळूहळू डोक्यावरून गेले, झेंडूची एक पाकळी नाकासमोर तरंगत राहिली, आणि अनुपमाची हाक लांबून, तळेगावातून आल्यासारखी आली. इतका सुखी तो लग्नातही नव्हता.

घर बदलणाऱ्या कोणाच्या तरी रिकाम्या खोक्यांच्या ढिगात तो उतरला. कोपर खरचटलं, बाकी सगळं शाबूत. सायकलला तर ओरखडासुद्धा नाही.

"ब्रेक का नाही मारलास?" अनुपमा धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हार अडकला ना ब्रेकमध्ये! तरी म्हणत होतो, हार नको."

"माझंच चुकलं," ती पुटपुटली आणि आयोडीन आणायला पुढे पळाली.

बाप-लेक सायकल घेऊन लिफ्टमध्ये शिरले. मिहिका बराच वेळ हँडलकडे बघत होती.

"बाबा, हार लेफ्टला आहे. ब्रेक इज ऑन द राइट."

गुणवंतने खाली पाहिलं. उजवा ब्रेक स्वच्छ, मोकळा होता. त्याने सायकल जराशी ढकलून तो दाबून पाहिला, चाक जागच्या जागी थांबलं. हात ब्रेकवर गेल्याचं त्याला काही केल्या आठवेना. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं आणि ते आवरेना.

"आईला सांगू नकोस हं."

"ओके," मिहिका म्हणाली. "कॅन आय गेट द कॅट?"

लिफ्टचं दार उघडायच्या आत गुणवंतने होकारार्थी मान हलवली.