दौलतभाऊंची तोफ

नातवंडांनो, परवा फोनवर बोलता बोलता ‘टण्ण’ असा आवाज झाला आणि मी ‘चला, जेवते’ म्हणून फोन ठेवला. तुम्ही काळजीत पडलात. म्हणून हे लिहिते. तो आवाज दौलतभाऊंच्या तोफेचा.

दौलतभाऊ म्हणजे अहेरीतले आपले भिंतीपलीकडचे शेजारी. एकटेच असतात. तोफ म्हणजे तोफगोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं. त्यांचे वडील महायुद्धात तोफखान्यात होते. त्यांनी ते ब्रह्मदेशातून ट्रंकेत घालून आणलं. भाऊ ते चिंचेने घासतात, थंडीत त्याला मफलर गुंडाळतात आणि जेवणवेळी त्यावर लाकडी दांडक्याने टोला हाणतात. तुमच्या आईने एकदा त्यात ओली छत्री उभी केली. ‘तोफेत छत्री? उद्या वाघाले दावं लावसान!’ भाऊ आठवडाभर घुश्शात.

गेल्या आठवड्यात समोर नवे भाडेकरू आले. त्यांना भाऊंच्या ओट्यावर बॉम्ब दिसला आणि त्यांनी पोलिसांना फोन केला. आपल्या नक्षलग्रस्त भागात असा निरोप मिळाला की पोलीस क्षणभरही थांबत नाहीत. गल्ली रिकामी झाली, तपासणी झाली. आत काही नव्हतं. तरी फौजदार म्हणाले, ‘आजोबा, हे भांडं ठाण्यात जमा करावं लागेल.’

‘भांडं नाई साहेब, तोफ हाये! अन् नेता तं मलेबी जमा करा.’

मी पुढे होऊन नीटस इंग्रजीत रदबदली सुरू केली. कोणी लक्ष दिलं नाही.

भाऊ नळकांड्याला हात लावून उभे होते. ‘तोफांनं बाबाचे कान गेले होते साहेब. हाका ऐकू येत नव्हत्या. आई याच्यावर टोला मारे, तवा बाबा वावरातून जेवाले येत.’

‘बाबा आहेत?’

‘कवाचेच गेले.’

‘मग आता कोणासाठी वाजवता?’

भाऊ चाचरले. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बाईले आताशा कमी ऐकू येते. एकट्या रायतात. जेवाचं इसरतात.’

माझे कान मंदावल्याचं मी तुमच्या आईलाही कळू दिलं नव्हतं.

फौजदारांनी तोफ स्वतः उचलून ओट्यावर ठेवली. त्या दिवशी भाऊंचा टोला पडला तेव्हा मी भिंतीशी जाऊन ओरडले, ‘बसले हो भाऊ जेवायला!’

‘मंग ओरडता काऊन? जेवा ना!’

टोल्यांनी तोफेच्या कडेला खळगा पडला आहे. पण ती अजून वाजते, आणि मला अजून ऐकू येते.