श्रोता पाहिजे

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या सामुदायिक परिषदेत सत्रं किती असावीत आणि ती किती ट्रॅकमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या किती शाखांत विभागावीत, हे ठरवण्यासाठी नियोजन समितीची पहिली बैठक एका शनिवारी सकाळी, शिकवणी वर्गाच्या उसन्या खोलीत, वेळेवर सुरू झाली नाही. सगळे वेळेवर आले होते. परंतु फळ्यावर आदल्या दिवशीचं त्रिकोणमितीचं गणित होतं आणि ते पुसण्याचा अधिकार समितीला आहे की नाही, यावर मतभेद झाले. अखेर गणिताला धक्का न लावता उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'परिषद' असं लिहिण्यात आलं आणि कामकाजाला प्रारंभ झाला.

परिषदेकडून काही घ्यायला आलेला माणूस समितीत एकच होता. बाकीचे द्यायला आले होते. हा माणूस एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची वेबसाइट एकट्याने सांभाळायचा. दवाखान्यात त्याला 'वेबसाइटवाले' म्हणत, आणि सध्या जरा तिरकस म्हणत. कारण साइटवरचं 'वेळ ठरवा' हे बटण काही पेशंटांच्या फोनवर ढिम्म हलत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या फोनवर ते झकास चालायचं. 'माझ्याकडे तर चालतंय' हे या धंद्यातलं ब्रह्मवाक्य आहे आणि त्याने ते डॉक्टरीणबाईंना अनेकदा ऐकवलं होतं.

"तुमच्याकडे चालतंय, पण तुम्ही आजारी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पेशंट माझ्या दाराशी उभे राहून भांडतात. परिषद का काय ती होईपर्यंत नीट करा, नाहीतर मी दुसरा माणूस बघते. राग मानू नका. गुण येत नसेल तर मी औषधही बदलते."

त्याची झोप उडाली होती. त्यावर त्याने एक साधा विचार केला. इतके जाणकार एका छपराखाली जमणार, त्यांतला कोणीतरी बोलता बोलता या दुखण्यावर बोट ठेवेल. आपण पुढच्या रांगेत बसायचं आणि ऐकायचं. जागा पक्की व्हावी म्हणून त्याने संयोजकपदही मागून घेतलं. त्या पदाला काम असल्यामुळे ते बिनविरोध मिळालं.

या मंडळींची एक रीत आहे. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्याशिवाय ती कोणताही निर्णय घेत नाहीत. चहात साखर किती, हेसुद्धा चिकटवून ठरवतात. प्रत्येकाने आपल्याला जे ऐकावंसं वाटतं ते चिठ्ठीवर लिहायचं, भिंतीला लावायचं, मग आवडलेल्या विषयांवर लाल ठिपके चिकटवून मत द्यायचं. त्याप्रमाणे सर्वांनी आपल्याला जे बोलावंसं वाटत होतं ते लिहिलं, आणि सगळे ठिपके आपापल्या चिठ्ठीला दिले. निकाल बरोबरीत सुटला. संयोजकाने तेवढं सूचनेप्रमाणे 'बटण का चालत नाही?' असं लिहिलं होतं. अध्यक्षबाईंनी ती चिठ्ठी सोलून त्याच्या हातात दिली. "हा विषय नाही हो, ही तक्रार आहे," त्या म्हणाल्या.

मग एकेकाने आपला विषय मांडला. एक कोडवाला गेल्या वर्षी आपण सोडलेलं तंत्रज्ञान या वर्षी परत का धरलं, हे सांगणार होता. एका डिझाइनवालीला पांढऱ्या रंगाच्या छटांवर बोलायचं होतं. अध्यक्षबाईंचा विषय 'मी आणि माझी वेबसाइट' असा होता. संयोजकाचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वेबसाइटवर मध्येच उगवणाऱ्या आणि आपण बंद केलेल्या पाट्यांवर बोलणार होता. "लोकांना वाटतं पाटी बंद केली की गेली," तो नेहमीप्रमाणे सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू करत म्हणाला, "कुठे जाते? पारदर्शक होते आणि तिथेच ठाण मांडून बसते. लहान फोनवर तर हमखास काहीतरी तिच्याखाली दबतं. पाहुणा गेला म्हणून दार लावावं, तर हा आपला पडद्यामागे उभा!"

संयोजक या वेळी खाली पडलेली चिठ्ठी टेबलाखाली शोधत होता. तसंही बायकोच्या भावाचं मनावर घ्यायचं नाही, असा त्याचा लग्नापासूनचा शिरस्ता होता. एकदा घेतलं की त्याला सवय लागते.

"तुमचा विषय डिझाइनमध्ये की कोडमध्ये?" अध्यक्षबाईंनी मेहुण्याला विचारलं.

डिझाइनवाली म्हणाली, पाटी दिसते म्हणून ती आमची. कोडवाला म्हणाला, पाटी दिसेनाशी होते म्हणून ती आमची. दुपारपर्यंत वाद चालला आणि परिषदेचा एक ट्रॅक होता त्याचे दोन झाले. पाटीचं पुढे काय होतं, हे कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या बैठकीपर्यंत विषयांचा पूर आला होता. समुदायातल्या जवळजवळ प्रत्येकाने आपलं नाव पाठवलं होतं, आणि ज्यांनी पाठवलं नव्हतं त्यांचं त्यांच्या मित्रांनी.

"यातले बरेच नाकारावे लागतील," संयोजक म्हणाला.

"आपण समुदाय आहोत," अध्यक्षबाई दुखावल्या. "समुदायात कोणाला नाकारत नाहीत."

"मग आपली समिती कशाला?"

"निवडायला."

त्यामुळे सर्वांना निवडण्यात आलं. नवशिक्यांचा एक ट्रॅक झाला. आपण नवशिके नाही असं मानणाऱ्या नवशिक्यांचा दुसरा झाला. अनुभवींचा, अनुभवाला कंटाळलेल्यांचा आणि 'ट्रॅक पद्धतच मोडीत काढा' असं म्हणणाऱ्यांचा असे आणखी तीन झाले. शेवटच्याला सर्वांत मोठी खोली हवी होती. खोल्या संपल्यावर जिन्याचा विचार झाला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक वक्ता उभा राहील आणि श्रोत्यांनी चढत चढत ज्ञान घ्यावं, अशी ती योजना होती. गच्ची गेली, वाहनतळ गेला. लिफ्ट तेवढी उरली होती. ती मेहुण्याला देण्यात आली, कारण तो संयोजकाचा नातेवाईक असल्याने पक्षपात दिसून चालणार नव्हतं.

वेळापत्रकाचं त्रांगडं त्याहून मोठं निघालं. सकाळी लोक आलेले नसतात आणि जेवणानंतर ते डुलक्या काढतात, त्यामुळे प्रत्येक वक्त्याला अकराच्या चहानंतरचीच वेळ हवी होती. समुदायात भेदभाव नसल्यामुळे ती प्रत्येकाला देण्यात आली. वेळापत्रक पूर्ण झालं, तेव्हा संयोजकाने आपण कुठे बसायचं यावर खूण करण्यासाठी पेन्सिल उचलली, आणि ती हवेतच राहिली.

"अध्यक्षबाई, अकरा वाजता सगळेच बोलणार."

"बरोबर."

"मग ऐकणार कोण?"

असा प्रश्न समितीपुढे प्रथमच येत होता. तो कोणत्या ट्रॅकमध्ये बसतो हे न कळल्यामुळे पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.

पुढच्या बैठकीत श्रोता विकास उपसमिती नेमली गेली आणि तिने 'श्रोता पाहिजे' अशी जाहिरात दिली. उमेदवाराला ऐकण्याचा पूर्वानुभव असावा, त्याने कोणाचं ऐकलं त्यांची शिफारस जोडावी आणि ऐकतानाचा अलीकडचा फोटो पाठवावा, अशा माफक अटी होत्या. अर्ज आले नाहीत असं नाही. एकाने कळवलं, मी आनंदाने ऐकेन, मात्र शेवटी प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने पंधरा-वीस मिनिटं मिळावीत. दुसरीने कळवलं, मी उत्तम श्रोता कशी झाले यावर माझं व्याख्यान तयार आहे. अध्यक्षबाईंचे सासरे निवृत्त होते, घरी बसून होते. समितीची सारी भिस्त त्यांच्यावर होती. ते म्हणाले, "येतो की! दोन शब्द बोलायला द्याल ना?" त्यांना स्वतंत्र ट्रॅक द्यावा लागला.

तेव्हा उपसमितीने मुळालाच हात घातला. लोक ऐकत नाहीत, कारण त्यांना ऐकण्याचं महत्त्व कोणी समजावून सांगितलेलं नाही. सबब 'ऐकणं' या विषयाचा खास ट्रॅक ठेवावा आणि त्यात मुख्य भाषण संयोजकाने करावं.

"मी? मला फक्त एक गोष्ट विचारायची होती हो," संयोजक काकुळतीला आला. "माझी नोकरी..."

"विचारा ना. भाषणात विचारा," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्याचा हसरा फोटो छापलेली जाहिरात त्यांनी पुढे केली. खाली लिहिलं होतं, 'ऐकणं : काळाची हाक'. फोटो चांगला आला होता. माणसाची नोकरी जायची वेळ आलेली असली तरी आपला फोटो चांगला आलाय हे त्याला कळतं. संयोजक विरघळला.

त्या दिवसापासून त्याचा नूरच बदलला. दवाखान्यातून फोन यायचे, तो उचलायचा नाही. आवाज बसू नये म्हणून. घरी आरशासमोर उभं राहून तो हातवारे करायचा.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "धाकटा आला होता. म्हणत होता, भाऊजींना सांग, तुमच्या दवाखान्याच्या साइटवर..."

"अगं, थांब जरा! ऐकण्यावर लिहितोय ना मी!"

बायको थांबली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तिला थांबायची सवय होती.

परिषदेचा शनिवार उजाडला. अकरा वाजता इमारतीच्या प्रत्येक खोलीत, वळणावर आणि मोटारींच्या मधल्या जागेत कोणीतरी रिकाम्या खुर्च्यांना "आपण सगळे जाणताच" असं म्हणत होतं. तो आवाज खाली रस्त्यापर्यंत जात होता, आणि येणारे-जाणारे वर बघत होते. संयोजक मुख्य सभागृहाकडे जाण्यासाठी लिफ्टमध्ये शिरला. आत मेहुणा उभा होता, गळ्यात वक्त्याचा बिल्ला.

"या भाऊजी! पहिले श्रोते तुम्हीच," तो मनापासून खूष झाला आणि दार बंद होताच त्याने सुरुवात केली. संयोजक त्याच्याकडे बघून मान हलवत होता. मनात तो आपल्या भाषणातलं सर्वांत भावस्पर्शी वाक्य घोळवत होता, 'समोरचा काय सांगतोय, याकडे आपलं लक्ष असतं का?' मेहुण्याचे ओठ हलत होते. त्याने एका हाताचा पंजा दुसऱ्या तळहातावर झाकून काहीतरी दाखवलं, वरच्या पंजावर टिचकीही मारली.

"छान, छान," मजला आल्यावर संयोजक म्हणाला आणि बाहेर पडला.

सभागृहात चक्क एक बाई बसलेली होती. संयोजकाला भरून आलं. तो तिच्यासाठी चाळीस मिनिटं जीव तोडून बोलला. ती योग्य जागी मान डोलवत होती, एकदा तर तिने डोळे पुसले. भाषण संपल्यावर तो आभार मानायला खाली उतरला, तेव्हा तिने कानातली इयरफोनची बोंडं काढली. ती आपलंच सकाळी ध्वनिमुद्रित केलेलं भाषण ऐकत होती. "फारच सुंदर झालंय," ती म्हणाली, आणि ते कोणाचं, हे त्याने विचारलं नाही.

परिषद अभूतपूर्व यशस्वी झाली. अभिप्राय वक्त्यांनीच भरले होते आणि सर्व सत्रं उत्कृष्ट ठरली.

सोमवारी तो दवाखान्यात गेला. त्याच्या खुर्चीत मेहुणा बसला होता.

"हे शनिवारी संध्याकाळी लेकीचा खोकला दाखवायला आले होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी आपली बटणाचं रडगाणं गात बसले, तर म्हणाले, पाच मिनिटं ऐकाल का? मी ऐकलं. कानात नळ्या घालून बसणं हाच माझा धंदा. चहा निवायच्या आत बटण चालू झालं."

"भाऊजी, पहिल्या बैठकीत सांगितलं," मेहुणा ओशाळून म्हणाला. "लिफ्टमध्ये तर हातांनी करून दाखवलं. ताईजवळ निरोपसुद्धा ठेवला."

"तुम्हाला मी काढत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजपासून यांच्या हाताखाली राहा. काम एकच, यांचं ऐकायचं."

घरी आल्यावर संयोजकाने बायकोला सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली. "अहो, ती परवानगीची पाटी असते ना, 'तुमची माहिती साठवू का' म्हणून विचारते ती? ती बंद केली की नुसती पारदर्शक होते आणि लहान फोनवर नेमकी बटणावर बसते. लोक बटण दाबतात, ते पाटीला लागतं. मी यातलं काही शिकलेली नाही, मला एकदा सांगितल्यावर कळलं. तुम्हाला कसं नाही हो कळलं?"

संयोजक कोपऱ्याकडे बघत होता. पुढच्या वर्षी 'अपयशातून मी काय शिकलो' हा विषय चांगला रंगेल, असं त्याच्या मनात येत होतं.

त्याला हसण्याआधी एक खुलासा. बटण का चालत नाही हे मेहुण्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं, तेव्हा वाचकहो, आपणही तिथेच होतात. पाटी, पारदर्शक, लहान फोन, सगळं आपल्यासमोर बोललं गेलं. ते वाचतानाच आपल्या लक्षात आलं असेल, तर श्रोत्याची जागा अजून रिकामी आहे, कृपया अर्ज करावा. आलं नसेल, तर आपला विषय आणि फोटो तेवढा पाठवून द्या. आम्ही कोणालाच नाकारत नाही.