मेहुणीच्या लग्नाची काटछाट

मेहुणीच्या लग्नाचा व्हिडिओ मीच एडिट करणार, असं मी तिसगावला सासुरवाडीत भर पंगतीत जाहीर केलं. (मी संगमनेरच्या एका कॉलेजात क्लार्क आहे. एडिटिंगशी माझा संबंध एवढाच, की मोबाईलमध्ये त्याचं ॲप आहे.) शूटिंगवाल्यानं सगळं कच्चं शूटिंग दिलं आणि मी हवेत गेलो.

"जावईबापू, एकच करा," सासरे म्हणाले. "अजिनाथ कुठं दिसला न्हाई पायजे."

अजिनाथकाका म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. पुतणीच्या लग्नाला काका आले, पण भावाशी चकार शब्द बोलले नाहीत. माझ्या बायकोचा काकांवर फार जीव. "अहो, काकांना कापू नका," पंकजा म्हणाली. "दोघं एका मांडवात उभे राहिले, तेवढंच उरलंय आमच्याकडे." पण सासऱ्यांना नाही म्हणायची माझ्यात धमक नाही. (बायकोलाही नाही, पण त्या दिवशी सासरे जास्त जवळ बसले होते.)

कामाला लागलो आणि काय सांगू, क्रॉपमध्ये भलतीच मजा आहे. चौकटीची कड बोटानं आत ढकलली की काका गेले. पंगतीतून गेले, पाठवणीतून गेले. मग मला मास्क सापडला आणि तहानभूक हरपली. माणसाभोवती गोल काढायचा. आत माणूस राहतो, बाहेरचं जग नाहीसं होतं. मंगलाष्टकांच्या वेळी काका नेमके सासऱ्यांच्या मागे उभे होते. मी सासऱ्यांभोवती, फेट्यासकट, सुबक गोल काढला आणि बाहेर सगळीकडे गुलाबाची फुलं पसरली. स्वतःवर इतका खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो.

रविवारी तिसगावला सगळं घर टीव्हीसमोर जमलं. मंगलाष्टकं सुरू झाली, सासरे गुलाबांत प्रकटले, मी कॉलर सरळ केली. आणि फेट्यावर एक हात दिसला. नुसता हात. मोबाईलच्या पडद्यावर मला तो फेट्याचा तुरा वाटला होता.

"अगं बाई, हे कुनाचं?" सासूबाई दचकल्या.

सासरे अक्षता टाकायला हात उचलत, फेटा डोळ्यांवर घसरे आणि तो हात फेटा अलगद वर घेई. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यानं फेटा सोडला नाही. हाताची करंगळी अर्धी होती. कडबाकुट्टीच्या यंत्रात अर्धी करंगळी गेलेला माणूस या घराण्यात एकच.

मी रिमोट शोधायला लागलो.

"मला वाटलं हुतं, फेटाच नीट बसलाय," सासरे म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, चपला घातल्या आणि समोरच्या घरी गेले. परतले ते भावाचा हात धरूनच. पंकजा रडायला लागली. (हे सगळं माझ्या मास्कमुळे झालं, हे कुणीतरी बोलेल म्हणून मी थोडा थांबलो. कुणी बोललं नाही.)

काकांनी व्हिडिओ पहिल्यापासून बघितला. "दादा, मी लग्नाला आलोच न्हवतो का?"

"जावयानं कापलं तुला," सासरे शांतपणे म्हणाले.

"मामा, तुम्हीच तर..." मी म्हणालो, पण ऐकतंय कोण?

"परत नीट करा म्हनावं," काका म्हणाले. "आन् त्यात जावईबापूच लई दिसत्यात. तेवढं कापा."

"व्हय, मी बी तेच म्हननार हुतो," सासरे म्हणाले.

मी आशेनं पंकजाकडे बघितलं. तिनं डोळे पुसत मोबाईल माझ्या हातात दिला. "इतक्या वर्षांनी दोघांचं एकमत झालंय," ती म्हणाली, "ते मोडू नका."