म्हाळूआबांच्या घरात माणूस किती मावतं

म्हाळूआबा खोली टेपानं मोजत नव्हते, माझ्या अंगानं मोजायचे.

"दाद्या, आडवा हो," म्हणले की मी फरशीवर आडवा व्हायचं. ते खडूनं माझ्या कडंनं रेघ मारायचे, मला एक कूस पलीकडं ढकलायचे, परत रेघ. अशा रेघा भिंतीला टेकल्या की म्हणायचे, "पाच तर आरामात. तुजं प्वाट सोडलं तर सा." पोट मला सोडता येत नव्हतं, म्हणून पाचावर मिटायचं. जगात मी कशाचंच माप नाय. चौथीला तीनदा बसलो, मग मास्तरच म्हणले, आता बसू नको, उभा राहा अन् घरी जा. पण विद्यापीठामागच्या त्या गल्लीत पोरांनी एका खोलीत किती राहावं, हे वरीसभर माझ्या पाठीवर ठरत होतं.

आबा मूळचे कन्नडकडचे. जातिवंत मेंढपाळ. पोलीस ॲक्शनच्या साली त्यांना मिशी फुटत होती म्हणायचे, वय यापेक्षा जास्त त्यांना माहीत नव्हतं. थोरला मुलगा मारुती पुण्याला बँकेत मोठा साहेब. त्यानंच हे घर बांधलं. ओळीनं चार खोल्या, शेवटी स्वयंपाकघर. भाड्यानं देऊन म्हातारा तिथं राखणीला ठेवला. अन् म्हाताऱ्यानं मला पोरांच्या जेवणाला ठेवलं. माझ्या पोळ्या एका पोरानं वहीला कव्हर घालायला मागितल्या होत्या. मी दिल्या. परीक्षेपर्यंत टिकल्या.

संध्याकाळी आबा दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्याला काठी लावायचे अन् मोजायचे. एम.ए.चं पोरगं असो नाय तर पीएच.डी.चं, काठी सगळ्यांना. एक जरी कमी भरलं तर कुणाला जेवू देत नव्हते. झोपायचे दारात आडवे. पोरांना रात्री बाहेर जायचं झालं की त्यांना ओलांडून जावं लागायचं. दोन-तीनदा आबा तुडवले गेले, पण जागा काय सोडली नाय.

नवं पोरगं ट्रंक घेऊन आलं की त्याला मार्क विचारायचे नाय, भाडंबी आधी नाय. एकच सवाल.

"मागं घरी कोन राह्यलं?"

पोरगं म्हणायचं, आई आहे, वडील आहेत.

"ते न्हवं. तुज्या बरोबरीचं कोन राह्यलं?"

मग पोरगं खाली बघून सांगायचं. भाऊ आहे, शेती करतो. बहीण आहे, ती कापसाला जाते. आबा मान हलवायचे अन् आत बघून आवाज द्यायचे, "सरका रं जरा." झालं, ते पोरगं आमचं. परत कुणालाच पाठवलेलं मी बघितलं नाय. मला वाटायचं, म्हातारं भाड्याला हपापलंय. गल्लीलाबी तेच वाटायचं.

असं करत करत वीस पोरं झाली. गल्लीला नळाचं पाणी पुरंना, सायकलींनी रस्ता अडला. शेजाऱ्यांनी तक्रार केली, त्यांचंबी काय चुकलं नाय. वार्डाच्या ऑफिसातून नोटीस आली. एका खोलीत तीन, चार खोल्यांत बारा. बाकीच्यांनी परीक्षेआधी घर सोडावं.

आठ पोरं जाणार होती. जाणार म्हंजी दुसऱ्या खोलीत नाय, गावाला. वेगळी खोली परवडली असती तर माझ्या डाळीवर कुणी कशाला राहिलं असतं?

आबांनी दरखास्त लिहून घेतली: माणूस मावतंय तितकं राहू द्यावं. अन् दर सोमवारी फेटा बांधून ऑफिसात. मागून मी.

तिथल्या इंजिनियर बाई नव्या होत्या. शांत होत्या. आबा पहिल्याच सोमवारी त्यांच्या टेबलापुढं उभे राहिले अन् म्हणले, "दाद्या, आडवा हो."

झालो.

"हे काय चाललंय, आबा?"

"माप दावतो, बाई. दाद्या, कूस बदल. बघा, ह्यो झाला एक. आता ह्याच्यासारके पाच..."

शिपाई धावत आला. "ओ मियाँ, उठो! रास्ते में कायकू लेटे? बिस्तर नै है ये!"

उठताना माझी पँट मागून उसवली. बाहेर बाकावर बसलेली सगळी दरखास्तवाली मंडळी हसली. त्या ऑफिसात त्या दिवशी तेवढंच एक काम झालं.

बाई हसल्या नाय. म्हणल्या, "आबा, किती मावतात हा प्रश्नच नाही. संडास दोन आहेत. आग लागली तर बाहेर पडायला दार एकच, आणि त्या दारात तुम्ही आडवे."

आबा निघाले. वाटेत म्हणले, "बाई खरं बोलली." अन् महिन्याभरात त्यांनी मागच्या अंगाला दार फोडलं, दोन संडास बांधले, पाण्याची टाकी बसवली. विटा मी वाहिल्या. दोन विटा माझ्याच पायावर पडल्या, त्याबी परत उचलून वाहिल्या.

मारुतीसाहेबांचा शेजारच्या दुकानात फोन आला. आबा फोनवर इतके मोठ्यानं बोलायचे की फोन नसता तरी पुण्याला ऐकू गेलं असतं. तिकडून साहेब सांगत होते, तीन-तीनच ठेवा, भाडं वाढवा, पैसे तेवढेच येतील, डोक्याला ताप कमी.

"बाकीच्यांनी कुठं जावं?" आबा म्हणले.

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"तू न्हाई समजायचा. तुला जागा घावलेली हाय," आबा म्हणले अन् फोन ठेवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ही भाड्याची हाव नाय. मग काय आहे, ते नाय कळलं. मला एका दिवसात एकच गोष्ट कळते.

शेवटी बाई स्वतः घर बघायला आल्या. मागचं दार उघडून बघितलं, टाकी बघितली. परीक्षा तोंडावर होती. पोरं पुस्तकं छातीशी धरून भिंतीला उभी. बाई म्हणल्या, "वीस. माझ्या हातात आहे तेवढं एवढंच, आबा. वीसच्या वर एक नाही."

पोरांनी ओरडून गल्ली डोक्यावर घेतली. मी तर नाचलो.

"थांबा," बाई म्हणल्या. "वीस म्हणजे घरात झोपणारे सगळे. मालक, स्वयंपाकी, सगळे धरून."

वीस पोरं, आबा अन् मी. बावीस. मलाबी माणसांत धरतात हे मला तोवर माहीत नव्हतं. आनंद व्हायला पाहिजे होता, पण वेळ चुकीची होती.

"दोन कमी करा. कुठले दोन, ते तुम्हीच ठरवा."

आबा तिथंच पायरीवर बसले. फेटा काढून मांडीवर घेतला. तो फेटा काढलेला मी कधी बघितला नव्हता. टक्कल होतं, कोवळ्या लेकरासारखं.

"बाई, तेवडं मला लावू नका. निवडायचं मी एकदा केलंय."

"म्हणजे?"

"दोन ल्योक मला. मारुती आन बिरू. आमच्यात एकाला शाळंत घालायची ऐपत, दुसरा मेंढरामागं. मास्तर आला, म्हनला कोनता देता? मारुती बिनकामाचा. कळप घिऊन गेला की वाट चुकायचा, मेंढी याली की डोळे झाकायचा. बिरू लई हुशार. ऐंशी मेंढरं तोंडावरनं वळखायचा. कोकरू आंधारात सोडलं तरी हात लावून सांगायचा, कुनाचं हाय. मग कामाचं पोरगं कोन शाळंत घालतं? मी बिनकामाचं दिलं."

आबा मांडीवरच्या फेट्याचं टोक उलगडत राहिले.

"मास्तर जाताना बिरू त्याच्या मागं मैलभर पळत ग्येला. मी वरडून माघारी बोलावला."

अशा वेळी माझ्या तोंडातून काहीतरी निघतंच. मी म्हणलं, "आबा, बिनकामाच्याला शाळेत घालायचं म्हणलं तर मी कलेक्टर व्हायला पाहिजे होतो." कुणी हसलं नाय. मीबी नाय हसलो.

बाई म्हणल्या, "सोमवारपर्यंत वेळ देते," अन् गेल्या.

माझं सोपं होतं. गारखेड्याला बहीण राहते. मेव्हणा म्हणला, राहा, पण स्वयंपाकाला हात लावायचा नाय. रोज सकाळी सायकलनं यायचं ठरलं. राहिला एक. पोरं आपापसांत बोलायची बंद झाली. ज्याला त्याला वाटत होतं, आपलंच नाव निघणार. सिल्लोडचा एक तर बांधाबांध करून बसला, कारण तो सगळ्यात शेवटी आलेला.

रविवारी सकाळी बघतो तर आबा तयार. धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडी. सिल्लोडवाल्याची ट्रंक त्यांनी पायानं परत आत ढकलली.

"सोड ते. जानारा मी हाय."

"कुठं जाता, आबा? पुण्याला?"

"पुन्याला मला जागा हाय. तितं कशाला जाऊ? जितं मागायला पायजे तितं जातो."

मी सोबत निघालो, कारण आबांना पाटी वाचता येत नाय. मला अक्षरं येतात, पण ती एकमेकांना चिकटली की येत नाहीत. त्यामुळं आधी आम्ही सिल्लोडच्या गाडीत बसलो. फुलंब्रीला कंडक्टरनं उतरवलं. माघारी येऊन कन्नडची यष्टी धरली तोवर ऊन चढलं होतं. सगळ्या वाटेत आबा एकच बोलले, "बिरूच्या लग्नात ग्येलतो. मला वाढलं त्यानं. बोलला न्हाई."

कन्नडला उतरून विचारत विचारत गेलो. मका काढलेल्या एका रानात कळप बसला होता. घोडी चरत होती, बाजूला सामानाचा ढीग, चुलीपाशी एक बाई. अन् पाठमोरा एक दांडगा माणूस मेंढी गुडघ्यात धरून तिच्या खुरातला काटा काढत होता.

आबा बांधावर थांबले. पोरं ट्रंक घेऊन आमच्या दारात थांबायची ना, तसेच. हात कुठं ठेवावेत ते कळंना. मी म्हणलं हाक मारा. मारली नाय.

बिरूनं वळून बघितलं. परत खुरात तोंड घातलं. काटा निघाला, तो बघितला, टाकला, मेंढी सोडली, हात धोतराला पुसले. मग आला.

"कोन मेलं?"

"कोन न्हाई."

"मग?"

"तितं जागा न्हाई राह्यली," आबा म्हणले.

"मारुतीनं बांदलेल्या बंगल्यात?"

"व्हय."

बिरूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, खरं आहे म्हणून. माझी साक्ष जन्मात कुणी धरली नव्हती. तो कळपाकडं वळला. चुलीपाशी त्याची बायको भाकर थापायची थांबली होती.

"कुत्रं मेलंय माजं परवा," शेवटी बिरू म्हणला. "राखनीला कोन न्हाई. ऱ्हा वाटलं तर."

आबांनी पायातल्या वहाणा काढल्या, बांधाला ठेवल्या अन् कळपात शिरले. मेंढरं बाजूला झाली अन् त्यांच्या मागं परत मिटली. एका कोकराच्या पाठीवर हात ठेवून ते खाली बसले.

तेवढ्यात सामानाच्या ढिगामागनं एक काळं कुत्रं उठलं, आळस दिला, अन् मला बघून भुंकत अंगावर आलं. मी बिरूच्या मागं लपलो. बिरूनं ढेकूळ उचलून त्याच्यावर भिरकावलं, "गप ए!" अन् माझ्याकडं असं बघितलं की मीबी गप झालो.

कुत्रं काय गप बसंना. लई वेळ भुंकत राहिलं. आबांची आमच्याकडं पाठ होती. ते कोकराची लोकर बोटांनी चाचपत राहिले, मागं काय वळले नाय.